व्हायरस काढला, पण आतल्या लॅपटॉपवर दुकानातला कॉम्प्युटर दिसंना झालाय, नेटवर्क डिस्कव्हरी आपोआप बंद होतंय

घाटनांदूरची_लेक:
राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण थोडक्यात विचारलं की सगळे फॉरमॅट मारा म्हणतात आणि ते आत्ता जमण्यासारखं नाही. आमचं अंबाजोगाईला घराच्या पुढच्या खोलीतच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पुढं डेस्कटॉप, विंडोज १०, त्याला यूएसबीनं प्रिंटर जोडलाय. आतल्या खोलीत माझा लॅपटॉप, विंडोज ११. गर्दी असली की हे पुढं बसतात, मी आतून फॉर्म भरते, पीडीएफ पुढच्या मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरात टाकते आणि प्रिंट तिकडंच निघते. वर्षभर बिनबोभाट चाललं होतं.

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह पुढच्या मशीनला लावला. त्यातले फोल्डर शॉर्टकटसारखे दिसत होते पण डबल क्लिक केलं की उघडत होते म्हणून कुणाला संशय आला नाही, आणि त्यानंतर जो जो पेनड्राइव्ह लावला त्याची तीच गत. बघितलं तर विंडोजचाच अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद पडलेला. ओळखीच्या एका पोरानं येऊन डिफेंडर चालू केला, स्कॅन मारला, त्याच्याकडचं अजून एक टूल फिरवलं, व्हायरस निघाला असं सांगितलं. पेनड्राइव्ह आता नीट राहतायत, नेट पण चालतंय.

पण तेव्हापासून लॅपटॉपवर नेटवर्क उघडलं की फक्त लॅपटॉपचंच नाव दिसतं. डेस्कटॉपचं नाव हातानं टाकलं तर ०एक्स८००७००३५ एरर येतो, नेटवर्क पाथ सापडला नाही म्हणून. डेस्कटॉपवर अॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये जाऊन नेटवर्क डिस्कव्हरी (मशीननं एकमेकाला दिसायची सोय) ऑन करते, सेव्ह करते, परत उघडून बघते तर ऑफच. प्रिंटर पण लॅपटॉपवर ऑफलाइन. पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी चालू आहे आणि फाइली पेनड्राइव्हनंच आतबाहेर न्यायला लागतायत, ज्याच्यानं हे सगळं झालं त्याच्यानंच, म्हणून फार भीती वाटते. कुणाला माहीत असेल तर नीट पायरीपायरीनं सांगा.

गोदाकाठ_नांदेड:
ताई, हे लई कॉमन आहे. विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी १.० ला टिक मारा, दोन्ही मशीन रीस्टार्ट करा. आमच्या दुकानात असंच केलं तर सगळे कॉम्प्युटर लगेच दिसायले. युट्यूबवर पण हेच सांगतात.

उदगीर_हार्डवेअर:
ताई, वरचं करू नका, हात जोडून सांगायलो. नांदेडवाल्या भाऊनं मदत म्हणूनच सांगितलंय पण एसएमबी १ म्हणजे नेटवर्कवर फाइली-प्रिंटर शेअर करायचा फार जुना प्रोटोकॉल, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो ह्याच्यातल्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच मार्चमध्येच काढला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ द्यायचंच बंद केलं. जुनी कॉम्प्युटर ब्राउजर सर्व्हिस ह्याच्यावर चालायची म्हणून टिक मारली की नावं दिसतात हे खरंय, पण नुकताच व्हायरस येऊन गेलेल्या घरात ते दार उघडणं बरं नाही. आता नावं दिसायला दुसरी सोय आहे, ती कशी चालू करायची ते सांगतो.

पण आधी एक. व्हायरस निघालाय हे पक्कं झाल्याशिवाय दोन्ही मशीन एकमेकाला दाखवायचीच नाहीत. आज दिसंना झालंय ते एका अर्थी बरंच, लॅपटॉप वाचलेला असू शकतो. म्हणून आधी डेस्कटॉपवर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन मारा. मशीन स्वतः रीस्टार्ट होईल, विंडोज चालू व्हायच्या आत स्कॅन होईल, पंधराएक मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये व्हायरस लपून बसू शकतो, तिथं त्याला लपता येत नाही. काय सापडलं ते नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसेल. लॅपटॉपवर पण फुल स्कॅन मारा. मशीन चालू होताना एखादी बारीक खिडकी येते का, काही स्क्रिप्ट सापडली नाही वगैरे, ते सांगा.

मग ह्या गोष्टी बघून इथं लिहा. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून वळवायची सोय) ऑन आहे का. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी ह्या फोल्डरात होस्ट्स नावाची फाइल आहे ती नोटपॅडमध्ये उघडा, साधारणपणे सगळ्या ओळी हॅशनं सुरू होतात, बिनहॅशच्या ओळीत बँकेचं किंवा अँटिव्हायरसचं नाव असेल तर गडबड आहे. आणि सीएमडीत आयपीकॉन्फिग मारून दोन्ही मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, लिहा.

गोदाकाठ_नांदेड:
उदगीरवाले भाऊ, मग आमच्याकडं एक जुनं एक्सपीचं मशीन आहे, फ्लेक्सच्या कटरला लावलेलं, ते बाकीच्यांना कसं दिसायचं? त्याच्यासाठीच आम्ही टिक मारली होती.

उदगीर_हार्डवेअर:
एक्सपीला फक्त एसएमबी १ च येतं, त्यामुळं ते असंच चालणार. पण एका मशीनसाठी सगळ्या दुकानाचं दार उघडं ठेवायचं का? ते मशीन राऊटरवरून काढा, फाइल पेनड्राइव्हनं न्या, तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाला ठेवा आणि बाकीच्या मशीनची टिक काढून टाका. विंडोज ७ असेल तर प्रश्नच नाही, त्याला एसएमबी २ येतं. ताईंचा धागा आहे, ह्याच्यावर वेगळं बोलू.

घाटनांदूरची_लेक:
दादा, सगळं केलं. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, लॅपटॉप पण साफ आहे. प्रॉक्सी ऑफ आहे. होस्ट्समध्ये सगळ्या ओळी हॅशच्याच. खिडकीचं मात्र बरोबर विचारलंत, डेस्कटॉप चालू झाला की विंडोज स्क्रिप्ट होस्ट नावाची बारीक खिडकी येते, कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल म्हणून, आणि पुढं अॅपडेटा रोमिंगचा पत्ता आणि कसलंतरी अगम्य नाव, शेवटी डॉट व्हीबीएस. आम्ही रोज ओके दाबून पुढं जातोय. आयपी लॅपटॉपचा १९२.१६८.१.५ आणि डेस्कटॉपचा १९२.१६८.१.७.

उदगीर_हार्डवेअर:
हां, ती खिडकी म्हणजे व्हायरसची उरलेली शेपटी. स्क्रिप्टची फाइल डिफेंडरनं उडवली पण तिला रोज उठवणारी नोंद तशीच राहिली. टास्क शेड्यूलर उघडा, डाव्या बाजूला लायब्ररीवर क्लिक करा आणि अॅक्शन्समध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट आणि तोच डॉट व्हीबीएसचा पत्ता कुठल्या टास्कमध्ये आहे ते बघा. सापडलं की तेवढंच डिलीट करा. तिथं नसेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये असेल. तिथंही नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, त्यात चालू होताना उठणाऱ्या सगळ्या नोंदी एका जागी दिसतात आणि जिची फाइलच नाही ती पिवळी दिसते. बाकीच्या पिवळ्या नोंदींना हात लावू नका, सगळ्याच व्हायरसच्या नसतात.

आता मूळ प्रश्न. कॉम्प्युटर यादीत दिसणं आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचता येणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दारावर पाटी नाही म्हणून घरात माणूस नाही असं होत नाही, पण कडी आतून लावलेली असली तर पाटी असून उपयोग नाही. तुमच्याकडं दोन्ही बिघडलेलं दिसायलंय. नाव टाकूनही ०एक्स८००७००३५ येतो म्हणजे नुसती पाटीच गेलेली नाही.

आधी पाटी. डेस्कटॉपवर विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका. चार नावं शोधा: फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट, त्याच्या खालचीच फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन, मग एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट. डीएनएस क्लायंट पण चालू आहे ना बघा. ह्यातली एखादी डिसेबल असली की तुम्ही डिस्कव्हरी कितीदा ऑन करा, ते परत ऑफच होणार, आणि विंडोज कारण सांगत नाही. आपलं नाव नेटवर्कवर जाहीर करायचं काम रिसोर्स पब्लिकेशनचं. फंक्शन डिस्कव्हरीच्या दोन्हीला स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट द्या, एसएसडीपी आणि यूपीएनपीला मॅन्युअल पुरतं, मग चारी स्टार्ट करा. कुठली डिसेबल होती ते लिहून ठेवा, मला त्याच्यावरून काहीतरी सांगायचंय.

तेरणा_खोरं:
उदगीरवाल्यांनी बरोबर लाइन धरलीय, मी फक्त कडीबद्दल लिहितो. ताई, लाईट गेल्यावर तुम्ही काय करता? राऊटरला इन्व्हर्टर आहे का, का डेस्कटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेता? विचारायचं कारण असं की आमच्या धाराशिवकडं तासनतास लाईट नसते, लोक मशीन हॉटस्पॉटवर घेतात आणि लाईट आली तरी तिथंच विसरतात, मग एक मशीन राऊटरवर आणि एक हॉटस्पॉटवर, ते एकमेकाला दिसणारच नाहीत. तुमचे आयपी एकाच घरातले दिसतायत त्यामुळं ते नसेल, पण दुसरं एक होतं. नवीन नेटवर्क आलं की विंडोज त्याला पब्लिक धरतं, आणि पब्लिकवर फायरवॉल शेअरिंगचं दार लावून टाकते. राऊटर बदलला, रिसेट केला, किंवा कुणी नेटवर्क रिसेट मारलं तरी घरचं वायफाय परत नवीनच समजलं जातं.

डेस्कटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉपर्टीज इथं जाऊन पब्लिक आहे का प्रायव्हेट ते बघा. घरच्या राऊटरवर प्रायव्हेट करा. मोबाईलच्या हॉटस्पॉटला आणि बाहेरच्या वायफायला मात्र पब्लिकच राहू द्या.

मग लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.७ -पोर्ट ४४५ असं इंग्रजीत टाइप करा. ४४५ हा शेअरिंगच्या दाराचा नंबर. शेवटच्या ओळीत टीसीपी टेस्ट सक्सीडेडच्या पुढं ट्रू आलं की कडी निघाली. नुसत्या पिंगवर जाऊ नका, फायरवॉल पिंग अडवते तेव्हा मशीन चालू असूनही बंद वाटतं. आणि वैतागून फायरवॉल पूर्ण बंद करायची तर अजिबात नाही.

घाटनांदूरची_लेक:
दोघांचे खूप आभार. टास्क शेड्यूलरमध्येच ती नोंद सापडली, काढली, खिडकी यायची बंद झाली. सर्व्हिसेसमध्ये रिसोर्स पब्लिकेशन आणि एसएसडीपी ह्या दोन्ही डिसेबल होत्या, बाकीच्या मॅन्युअल. सांगितलं तसं केलं आणि डिस्कव्हरी ऑन केलं ते ऑनच राहिलं! नेटवर्क पब्लिकच होतं, ते प्रायव्हेट केलं. त्या पोरानं त्यादिवशी नेट नीट करतो म्हणून नेटवर्क रिसेट मारलं होतं असं ह्यांनी आत्ता सांगितलं. पोर्टचं ट्रू आलं. लॅपटॉपवर डेस्कटॉपचं नाव दिसायला लागलं.

पण आता उघडायला गेलं की युजरनेम आणि पासवर्ड मागतंय. डेस्कटॉपला आम्ही पिन टाकून आत जातो, तो पिन टाकला तर चुकीचा म्हणतंय. आधी असं कधीच मागत नव्हतं.

उदगीर_हार्डवेअर:
दोन सर्व्हिस डिसेबल होत्या ना, तेच मला बघायचं होतं. माझा अंदाज असा की हे व्हायरसनं केलेलं नाही. पेनड्राइव्हचा शॉर्टकटवाला व्हायरस डिफेंडर पाडतो, स्वतःला टास्कमध्ये घालतो, पण रिसोर्स पब्लिकेशन बंद करून त्याला काय मिळायचंय? मशीन फास्ट करणारी जी टूलं असतात त्यांच्यात नको असलेल्या सर्व्हिस बंद करायचं बटण असतं आणि ती ह्याच सर्व्हिस पाडतात. ते दुसरं टूल मशीनवर अजून असलं तर काढून टाका, नाहीतर परत तेच करील. व्हायरस गेल्यावर जे बिघडलेलं सापडतं त्यातलं बरंच साफसफाईनं बिघडवलेलं असतं, हे मी रिपेअरला आलेल्या मशीनवर सारखं बघतो.

आता पासवर्डचं. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून आत जायला असतो, नेटवर्कवरून चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आधी मागत नव्हतं म्हणजे पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद असणार आणि फोल्डर एव्हरीवनला उघडा असणार. ते परत तसं करू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ ह्या व्हर्जनपासून असं बिनपासवर्डचं पाहुणं म्हणून जाणं लॅपटॉपच अडवतो. चांगला रस्ता म्हणजे डेस्कटॉपवर शेअरिंगपुरतं एक साधं लोकल खातं. अकाउंट्समध्ये अदर युजर्स, तिथं अॅड, ईमेल मागेल तेव्हा माझ्याकडं ह्या माणसाची माहिती नाही हा पर्याय, मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय. अॅडमिन करायचं नाही. मग तो एकच फोल्डर त्या खात्याला रीड-राईट देऊन शेअर करा, एव्हरीवन काढून टाका. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करणारे लोक मी बघितलेत, तसं कधी नको. लॅपटॉपवर तेच नाव-पासवर्ड टाका आणि लक्षात ठेवाची टिक मारा.

प्रिंटर लॅपटॉपवरून काढून परत जोडा. ड्रायव्हर टाकताना अॅडमिनची परवानगी मागेल, घाबरू नका, प्रिंट स्पूलर म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली भोकं सापडल्यावर ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टनं तसं केलंय. आणि राऊटरमध्ये डेस्कटॉपचा आयपी रिझर्व्ह करून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. तिथं गेलाच आहात तर राऊटरचा अॅडमिन पासवर्ड बदला आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) कुणी बदललेला नाही ना ते पण बघा.

परभणी_ताई:
तांत्रिक सगळं झालंच आहे, मी पण असंच केंद्र चालवते म्हणून एक मनापासून सांगते. त्या डेस्कटॉपवर लोकांचे आधार, सातबारा, बँकेच्या पासबुकाचे फोटो असणार. गावातली माणसं विश्वासानं देतात. तो व्हायरस असताना काय बाहेर गेलं आणि काय नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही, म्हणून गेलंच असं धरून चालायचं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड बदला, पोर्टलचे, मेलचे, बँकेचे, आणि ते मोबाईलवरून किंवा लॅपटॉपवरून बदला, मेलमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. काम झालेल्या गिऱ्हाइकांच्या फाइली उडवा, रिसायकल बिन पण रिकामं करा. खात्यातून पैसे गेल्याचं कुणी सांगितलं तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा, जितक्या लवकर तितकं बरं. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र म्हणून केंद्र आहे, २०१७ पासून, त्यांच्या साइटवर सफाईची टूलं फुकट मिळतात. कुठूनतरी आणलेल्या टूलपेक्षा ते केव्हाही चांगलं.

आणि विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन ११ ला चालत असेल तर गर्दी ओसरल्यावर फाइलींचा बॅकअप घेऊन कोरं विंडोज ११ टाका. आत्ताच टाका असं म्हणत नाही, विम्याची तारीख निघून गेली तर शेतकऱ्याचं नुकसान आहे, पण लांबवू पण नका.

घाटनांदूरची_लेक:
ताई, बरोबर आहे, पासवर्ड आजच रात्री बदलते. नवीन खातं केलं, फोल्डर उघडला, प्रिंट पण आत्ताच निघाली, ह्यांनी पुढून ओरडून सांगितलं. ते टूल पण काढलं, आणि खरंच त्यात ऑप्टिमाइझचं बटण होतं.

शेवटचा प्रश्न. त्या दिवसांत दुकानात जे पेनड्राइव्ह लागले त्यातले दोघंतिघं रोजचेच आहेत, एक मुलगी तर तिच्या बीएडच्या फाइली गेल्या म्हणून रडकुंडीला आलीय. तिचे फोल्डर परत येतील का?

उदगीर_हार्डवेअर:
येतील, गेलेलेच नाहीत. हा व्हायरस फोल्डर उडवत नाही, लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. पेनड्राइव्ह लावताना ऑटोप्ले बंद ठेवा, कुठल्याच शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन. समजा ड्राइव्हचं अक्षर ई आलं, तर सीएमडीत हे इंग्रजीत मारा: अॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.* आणि एंटर. अक्षर नीट बघून मारा, चुकून सी वर मारू नका. मोठा ड्राइव्ह असला तर वेळ लागतो, खिडकी बंद करू नका. नंतर खरे फोल्डर दिसायला लागतील. कधीकधी सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरात ढकललेला असतो, तिथं पण बघा.

मग व्ह्यूमध्ये डिटेल्स करा आणि टाइपच्या रकान्यात शॉर्टकट लिहिलंय ते सगळे उडवा, डॉट व्हीबीएस किंवा डॉट जेएस फाइल दिसली तर ती पण. फाइलींची एक्सटेन्शन दाखवायची टिक मारली तरी शॉर्टकटचं एक्सटेन्शन विंडोज दाखवत नाही, त्यामुळं टाइपचा रकानाच बघायचा. त्या पोरीच्या फाइली आधी लॅपटॉपवर कॉपी करून स्कॅन करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि मग परत टाकून द्या. आणि तिला सांगा, घरच्या कॉम्प्युटरला पण तो लावला असेल तर तिथं पण टास्क शेड्यूलर बघायला लागेल.